न घेतलेली उड्डाणं

कलेजीचं पाकीट परत जागेवर ठेवताना लॉरेलला उगीचच वाटलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय. कुणी बघत नव्हतं. ओकलंडच्या त्या दुकानात शनिवार सकाळची नेहमीची गर्दी होती. मांसाच्या काउंटरमागचा माणूस पाठमोरा उभा राहून सुरी पुसत होता. पाकीट थंडगार होतं आणि कागदाखाली कलेजी बोटांना सरकताना जाणवत होती. ती आवडीने खाणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता. तो यायचा असला की ती हे पाकीट घ्यायची, आणि कधीकधी, आजच्यासारखं, ते परत ठेवायची, आणि परत ठेवताना दर वेळी काहीतरी उचलेगिरी केल्यासारखी मान खाली घालायची. कांदे मात्र तिने टोपलीत राहू दिले. फोन नुकताच येऊन गेला होता.

"लॉरेल, ऐक ना. मी काही आज निघत नाहीये."

"का, काय झालं?"

"इंजिनाखाली तेलाचा थेंब दिसला. एकच आहे. पण काल नव्हता. कुठून आला ते कळेपर्यंत..."

"ठीक आहे, बाबा."

"उद्या सापडलं तर उद्या दुपारी, जमलं तर..."

"ठीक आहे म्हटलं ना."

"तू कांदे-बिंदे आणून ठेवले असशील."

"कांदे वाया जात नाहीत."

"बरं. मग कांद्यांना माझा नमस्कार सांग," असं म्हणून तो हसला, आणि ती हसायच्या आत फोन बंद झाला. फोनवर निरोप घ्यायची त्याला सवय नव्हती.

तो शनिवार बाकीच्या शनिवारांसारखाच गेला. लॉरेल एका विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेत दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करायची. त्या दिवशी बर्फाखालून वाहणाऱ्या नद्यांवरचं एक जाड हस्तलिखित घेऊन ती खिडकीशी बसली होती. खिडकीतून दिसणारं आकाश निळं, घासून पुसून ठेवल्यासारखं होतं. खाडीवरचं धुकंसुद्धा सकाळीच विरलं होतं. असा दिवस, आणि एका थेंबापायी. हे शब्द तिच्या मनात नीट उमटले नाहीत. एखादं वाक्य खोडावं तसं ते उमटायच्या आधीच तिने खोडलं. संध्याकाळी तिने कांदे बारीक आचेवर परतले, ते तपकिरी होऊन गोड होईपर्यंत, आणि अंड्यांबरोबर एकटीने खाल्ले. फोन केला नाही. त्यानेही केला नाही. पुढे तिने तो दिवस किती वेळा उलटापालटा करून पाहिला, खिशातलं अस्तर बाहेर काढून बघावं तसा. त्यात काही सापडलं नाही. एक फोन, परतलेले कांदे, निळं आकाश.

रविवारी जूनचा फोन आला. जून ओकाडा बाबाच्याच विमानतळावर राहायची. विमानतळ म्हणजे ओरेगनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या सेजच्या झुडपांमध्ये एक धावपट्टी आणि दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घराला विमानापुरती शेड. बाबाच्या विमानासारखी, घरी जोडलेली वेगवान विमानं कशी उडवायची हे शिकवण्यात जूनचं आयुष्य गेलं होतं.

"लॉरेल, बसलीयेस का?"

"उभी आहे."

"मग उभीच राहा. पण कशाला तरी धर."

बाबा शेडमध्ये स्टुलावर बसलेला सापडला होता. इंजिनावरचं झाकण काढलेलं, डोकं आतल्या नळ्यांशी टेकलेलं, हातातली बॅटरी चालू. हृदय थांबलं होतं. जून म्हणाली, मला वाटलं हा निरखून बघतोय, म्हणून मी थोडा वेळ दारातच थांबले, त्याला हाक मारून दचकवायला नको म्हणून.

लॉरेलच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे विमानात नाही. मग लगेच शरम वाटली. पण तो विचार तिचा एकटीचा नव्हता, तो आईचासुद्धा होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली तरी तो घरातल्या एखाद्या भांड्यासारखा लॉरेलकडे आला होता. त्या दोघींनी आयुष्यभर ज्या फोनची वाट बघितली होती तो हा नव्हता. ज्या फोनची धास्ती धरली तो कधी आलाच नाही. त्याच्या जागी हा आला, साधा, घरगुती, कुणाच्याही म्हाताऱ्या बापाबद्दल येतो तसा, आणि त्याला तोंड द्यायची काहीच तयारी झालेली नव्हती.

विमान सुट्या भागांच्या खोक्यांतून घरात आलं तेव्हा लॉरेल पाचवीत होती. बाबा जंगलखात्यात रस्त्यांची मोजणी करायचा. दिवसभर डोंगरात आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये. आईची गाडी बाहेर गेली. "माझी गाडी बर्फात आणि ह्याचं विमान उबेत," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तक्रार म्हणून सुरू झालेलं ते वाक्य हळूहळू कौतुकाचं झालं आणि ते कधी झालं हे आईलाही कळलं नसावं. राळेचा गोडसर, डोक्यात चढणारा वास पडद्यांना लागला, उशांना लागला. घासकामाची पांढरी पूड टोस्टवर, कुत्र्याच्या पाठीवर, लॉरेलच्या पुस्तकांत. तिने त्या वर्षांत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची पानं बोटांना किंचित खरखरीत लागायची. पुढे कॉलेजात गुळगुळीत पानांची पुस्तकं हातात आली तेव्हा काहीतरी कमी आहे असं तिला वाटत राहिलं. एकदा जेवणाच्या टेबलावर पंख आडवा ठेवलेला होता आणि ती तिघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. आईने पंखाकडे बघितलं.

"एवढाच?"

"एवढाच. म्हणून तर जोरात जातं."

"आणि हळू जायचं असलं तर?"

"हळू जायचं त्याला जमत नाही," बाबा म्हणाला, आणि मग, आईचा चेहरा बघून, "मला जमतं पण. मी फार हळू माणूस आहे, फिलिस."

तो खरोखरच हळू माणूस होता. एक कड बसवायला तो आठवडा लावायचा आणि न आवडल्यास कापून पुन्हा करायचा. ते विमान बांधून होईपर्यंत लॉरेलची शाळा संपत आली. पहिल्यांदा ते धावपट्टीवरून उठलं तेव्हा आई डोळे मिटून उभी होती आणि लॉरेल आईकडे बघत होती, त्यामुळे तो क्षण त्या दोघींपैकी कुणीच बघितला नाही. मग मात्र सगळं जवळ आलं. दिवसभराचं अंतर दुपारच्या जेवणापुरतं झालं. लॉरेल कॅलिफोर्नियात शिकायला गेली तेव्हा बाबा म्हणाला, "लांब कुठाय? मी येत जाईन की." तेव्हा तो अजून असं म्हणायचा.

त्याच सुमाराला गस बेलामी गेला. गस शेजारच्या शेडमधला, बाबाबरोबरच खोकी मागवलेला. दोन्ही विमानं जुळ्या भावांसारखी वाढली होती. गसच्या मुलीचं बॉइझीला लग्न होतं आणि आदल्या दिवशी पोचायचा शब्द त्याने दिला होता. सकाळी इंजिन तपासताना ते एकदा खोकलं. एरवी गस विमान मागे ढकलून झाकण उघडून बसला असता. पण पलीकडे सगळे वाट बघत होते. धावपट्टीचं टोक ओलांडलं आणि इंजिन बंद पडलं. समोर मैलोन्‌मैल सपाट झुडपं होती. सरळ खाली उतरवलं असतं तर विमान मोडलं असतं, कदाचित पाय मोडला असता. पण पाठीमागे धावपट्टी होती, घर होतं, सकाळी अर्धी ठेवलेली कॉफी होती. तो वळला. त्या आखूड पंखांना इतक्या खाली, इतक्या हळू वळणं सोसत नाही. ते हवा सोडून देतात आणि विमान दगडासारखं खाली येतं. बाबा शेडच्या दारात उभा राहून बघत होता. त्यानंतर तो सबंध उन्हाळा उडाला नाही. मग जूनकडे गेला आणि म्हणाला, मला पहिल्यापासून शिकव. दर वसंतात तो जूनकडे विद्यार्थी म्हणून जाऊ लागला, केस पांढरे झाले तरी, आणि जून त्याला खूप उंचावर नेऊन इंजिन मंद करून विमान पडू द्यायची, पुन्हा सावरायला लावायची, पुन्हा पडू द्यायची. या सगळ्यातलं प्रत्येक तथ्य लॉरेलला माहीत होतं. फक्त ते तिने कधी एकमेकांना जोडलं नव्हतं. तिला एवढंच कळलं, की तेव्हापासून बाबाच्या तोंडून "येतो" हा शब्द गेला. त्याच्या जागी "जमलं तर येईन" आलं.

आणि पुष्कळदा जमायचं नाही. पदवीदानाच्या दिवशी पर्वतांवरच्या ढगांत बर्फ होतं. सभागृहात आईशेजारची खुर्ची रिकामी, आई बिचारी आदल्याच दिवशी बसने आलेली. लॉरेलने संपादित केलेल्या पहिल्या पुस्तकाचा समारंभ होता तेव्हा अर्ध्या वाटेवर काचेवर तेलाची रेघ दिसली म्हणून तो परत फिरला. घटस्फोट झाला त्या आठवड्यात तिने स्वतःहून, आयुष्यात एकदाच, "येशील का?" असं विचारलं होतं, आणि सकाळी फोन आला, "टॉवर दिसत नाहीये गं." डोंगराच्या कण्यावर वणव्यांवर नजर ठेवायचा जुना लाकडी टॉवर होता. शेडच्या दारातून तो दिसला नाही तर बाबा विमान बाहेर काढायचाच नाही. "ठीक आहे, बाबा," ती म्हणाली होती. ती नेहमीच हे म्हणायची. तिला या दोन शब्दांची नीट घडी घालता यायची, कडा जुळवून, आत काय आहे ते दिसू नये अशी. ज्यांनी खूप वाचलेलं असतं त्यांना भांडायचं कसं हे येत नाही. भांडण सुरू व्हायच्या आधीच त्याचा शेवट त्यांना दिसतो. फोन ठेवून ती कामाला लागायची आणि आठवडाभर तिच्या पेन्सिलीची टोकं मोडत राहायची.

अंत्यविधीनंतर शेडमध्ये सगळे जमले होते. बटाट्याचं सॅलड, हॅम, कुणीतरी आणलेला ॲपल पाय, विमानाच्या पंखाखालीच मांडलेली टेबलं. पंखावर कप ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. बाबा असता तर ओरडला असता. एकेक म्हातारा येऊन लॉरेलचा हात हातात घ्यायचा आणि त्याने न घेतलेल्या एखाद्या उड्डाणाबद्दल सांगायचा. "तुझा बाप शहाणा, त्या वादळाच्या दिवशी आम्ही सगळे निघालो आणि हा नुसता खुर्ची टाकून बसला." "मला म्हणाला, हार्वी, तू जा, मी तुझ्या कुत्र्याला सांभाळतो. मग काय, मीही नाही गेलो." दुसरीकडे माणसं मेलेल्याने काय काय केलं ते सांगतात, इथे त्याने काय केलं नाही त्याची आठवण निघत होती, आणि ती सांगताना त्यांचे चेहरे उजळत होते. मग जून तिच्याजवळ येऊन बसली.

"तुझा बाप, वॉरन, काय म्हणायचा माहितीये? म्हणायचा, माझी लॉरेल कधी हट्ट धरत नाही. इतरांच्या पोरी रडतात, बायका रुसतात, आणि मग हे वेडे निघतात. माझी पोरगी 'ठीक आहे' म्हणते, आणि माझे पाय जमिनीवर राहतात. विमानात बसवलेल्या सगळ्या यंत्रांपेक्षा ते माझ्या उपयोगी पडलं, म्हणायचा."

लॉरेलने हातातल्या प्लेटकडे बघितलं. कुणी चुकून दुसऱ्याचा कोट आपल्या अंगावर चढवावा, आणि तो इतका उबदार असावा की काढून देववू नये, तसं तिला झालं. आणि मग तिने विचारलं, विचारायचं नव्हतं तरी.

"तो थेंब कुठून येत होता?"

जून म्हणाली, "कुठून नाही. तेल भरताना सांडलेला. मी सगळं उघडून बघितलं. इंजिन ठणठणीत आहे."

म्हणजे तो येऊ शकला असता. निळ्या आकाशातून दुपारच्या जेवणापर्यंत आला असता, कांदे आणि कलेजी खाल्ली असती, तिच्या खुर्चीत बसून झोपला असता. निदान एक दुपार. हा विचार लॉरेलच्या घशात हाडासारखा अडकला आणि तिथेच राहिला. थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला. ती रोज कामावर जात होती, नद्यांवरचं पुस्तक छापून आलं, आणि रस्ता ओलांडताना डोक्यावरून एखादं लहान विमान गेलं की तिची मान आपोआप वर व्हायची आणि मागून येणारा माणूस तिच्यावर आदळायचा. पदवीदानाच्या वेळी कारण होतं. घटस्फोटाच्या वेळी कारण होतं. शेवटच्या वेळी नव्हतं. हे कुणापाशी बोलावं असं तिला कुणी दिसत नव्हतं, आणि ज्याच्यापाशी बोलायचं तो "जमलं तर" असं म्हणण्याच्याही पलीकडे गेला होता.

एप्रिलमध्ये ती विमान विकायला तिथे गेली. घेणारा मिझूलाचा टॉबिन हेरिक, गाई-घोड्यांचा डॉक्टर, रुंद हातांचा, बोलका. काही म्हातारे म्हणत होते, विकू नको, कापून टाक. बापाने बांधलेलं विमान दुसऱ्याच्या हातात जाऊन काही झालं तर ते तुला झोपू देणार नाही. असं करणारे लोक होते. जून म्हणाली, मी ज्याला शिकवीन त्यालाच द्यायचं, आणि मी हो म्हटल्याशिवाय नाही. टॉबिन तिच्याकडे येऊन राहिला, रोज वर जाऊन विमान पाडत आणि सावरत. जून त्याला डॉक्टर म्हणायची आणि शिव्या दिल्यासारखी म्हणायची. "डॉक्टर, घोड्याची शेपटी ओढतोस का तू अशी? मग हा दांडा कशाला ओढतोस?" "डॉक्टर, वरून परत फिरायला लाजायचं नाही. आणि खालून परत फिरायची हाव धरायची नाही. इंजिन गेलं तर समोर. समोर जे असेल ते. म्हण." आणि टॉबिन शाळकरी मुलासारखं म्हणायचा, "समोर, मॅडम."

लॉरेल पोचली त्या सकाळी शिक्षण संपलं होतं. जूनने हो म्हटलं होतं. आता सही करून किल्ली द्यायची तेवढी राहिली होती आणि टॉबिनला दुपारपर्यंत घरी पोचायचं होतं. त्याची मुलगी विनी शाळेच्या नाटकात बीव्हर, नदीत बांध घालणारा तो प्राणी, झाली होती आणि नाटक दुपारीच होतं. त्याने हे आल्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं. शेडचं दार उघडं होतं, विमान अर्धं बाहेर, अर्धं आत. सावलीतली शेपटी मऊ दिसत होती आणि नाकावर करडा उजेड पडला होता. टॉबिन विमानाभोवती फिरत होता, हात लावून बघत होता, मग पुन्हा डोंगराकडे. डोंगरावर ढग बसला होता. तो उठल्यासारखा करायचा आणि पुन्हा बसायचा.

"वर चढतोय तो," टॉबिन म्हणाला. "अर्ध्या-एक तासात मोकळं होईल. मिझूलाला तर ऊन आहे."

जून खुर्चीत बसून थर्मासमधला चहा पीत होती.

"जून," लॉरेल तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "सांग ना त्याला काहीतरी."

"मी सांगितलं तर आज थांबेल. पुढच्या वेळी मी कुठे असणार आहे? वर गेल्यावर खिशातून जून काढता येत नाही."

"आणि तो निघाला तर?"

"तर मी शिकवायला चुकले."

हे म्हणताना तिचा चहाचा हात स्थिर होता, पण दुसऱ्या हाताने ती खुर्चीची कड इतकी घट्ट धरून होती की बोटं पांढरी पडली होती. लॉरेलच्या खिशात किल्ली होती. ती द्यायची नाही असं ती म्हणू शकत होती. पण मग तो दुसरं विमान घेईल, दुसऱ्या डोंगरापाशी उभा राहील. तिने टॉबिनकडे बघितलं. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तो एकीकडे ढगाकडे बघत होता आणि दुसरीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका शाळेच्या सभागृहाकडे, पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे. बाबा असाच उभा राहत असणार. हे तिला आजवर कधीच दिसलं नव्हतं. तिच्या मनात फोनच्या त्या टोकाला नेहमी एक शांत, हळू माणूस असायचा, ज्याला येणं न येणं सारखंच. इथे, या दारात, इतकी वर्षं, त्याच्या मानेवरची शीर अशी उडत असली पाहिजे, आणि मग तो आत वळून फोन उचलत असला पाहिजे.

टॉबिन एकदम तिच्याकडे वळला. "तुम्ही त्यांना ओळखायचात. तुमचे बाबा आज गेले असते का हो?"

लॉरेलला विमानातलं काही कळत नव्हतं. पण या प्रश्नाचं उत्तर तिला जितकं माहीत होतं तितकं जगात कुणालाही नव्हतं; तिने त्याचाच अभ्यास केला होता, मन लावून, अर्धं आयुष्य.

"नाही," ती म्हणाली.

"इतकं नक्की?"

"त्या कण्यावर एक लाकडी टॉवर आहे. तो दिसतोय का तुम्हाला?"

टॉबिनने बघितलं. बराच वेळ बघितलं. ढग थोडा सरकला, एक काळी रेघ दिसेल असं वाटलं, आणि पुन्हा मिटलं. त्याने टोपी काढून केसांतून हात फिरवला, आणि मग, कुणाकडेही न बघता, विमानाच्या नाकाला खांदा लावून ते आत ढकलायला लागला. जून उठली नाही. तिने फक्त कप खाली ठेवला आणि खुर्चीची कड सोडली.

फोन त्याने तिथेच, पंखापाशी उभा राहून केला. "विनी? ऐक राजा. बाबाला आज यायला जमत नाहीये. इथे ढग..." एवढ्यावर तो थांबला, कारण पलीकडून जो आवाज आला तो शेडमधल्या पत्र्यालाही ऐकू गेला.

"तू म्हणाला होतास! बीव्हरला एकच वाक्य आहे! एकच! आणि तू ते ऐकणार नाहीस! तू जगातला सगळ्यात घाणेरडा बाबा आहेस!"

"हो राजा."

"मला तुझा इतका राग आलाय की मी तुझे सगळे बूट बाहेर फेकणार आहे!"

"फेक. बाहेर फेक. मी उद्या येऊन गोळा करतो."

पलीकडे रडणं, मग काहीतरी आदळल्याचा आवाज, मग काही नाही. टॉबिन फोनकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. "ठेवला," तो म्हणाला.

"आवाज छान आहे तिचा," जून म्हणाली. "बीव्हरचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत जाईल."

तो हसला, नाक पुसत, आणि जून त्याला चहा ओतायला लागली. लॉरेल मात्र जागची हलली नाही. ते ओरडणं अजून शेडमध्ये होतं, पत्र्यांत, विमानाच्या पोकळ पोटात, आणि तिला त्या न पाहिलेल्या मुलीचा हेवा वाटला. एवढं सोपं होतं. एवढ्या मोठ्याने. आणि उद्या तो जाऊन अंगणातले बूट गोळा करणार होता, कारण तो असणार होता. थेंबाचं कारण सापडो न सापडो, ढग उठो न उठो, जो दारातून आत वळतो तो उद्या असतो. निदान या विमानापुरता तरी असतो. घशातलं ते हाड कधी गेलं हे तिला कळलं नाही. तिने पंखावर हात टेकला. तो थंड होता आणि इतका गुळगुळीत, की तो घासताना उडालेली सगळी पूड आपल्याच पुस्तकांत गेली असणार असं तिला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली. मोठ्याने. टॉबिनने मान वर केली. जूनने त्याच्या दंडाला धरून त्याला डोंगराकडे वळवलं.

"मी समजूतदार नव्हते, बाबा. जून सांगते ते खोटं आहे. मला दर वेळी तुझा राग यायचा. इतका यायचा, की फोन ठेवल्यावर आठवडाभर माझ्या पेन्सिलीची टोकं मोडायची." तिचा आवाज फाटला, पण तिने तो थांबवला नाही. "आणि तू आला नाहीस, म्हणूनच तू होतास. इतकी वर्षं होतास. रागवायला होतास. ज्या ज्या दिवशी तू आला नाहीस, त्या सगळ्या दिवसांसाठी थँक यू, बाबा. त्या शनिवारसाठीसुद्धा."